वृद्धशुश्रूषेचे उच्च शिक्षण आणि भाषाव्यवहार

१. विषयाची मर्यादा

अमेरिकेत 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाचा एक व्यवसाय गेल्या सहा दशकांत उभा राहिला आहे. सामान्य परिचारिकेहून अधिक शिकलेली, रोग्याची स्वतः तपासणी करणारी, रोगनिदान करणारी व औषध लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार असलेली परिचारिका, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. या व्यवसायाची जी शाखा प्रौढ व वृद्ध माणसांच्या उपचारासाठी राखलेली आहे, तिच्या शिक्षणक्रमाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू आहे. दुसरा हेतू असा की, या शिक्षणाचा बराच मोठा भाग वस्तुतः भाषेचे शिक्षण आहे हे दाखवून द्यावे. वृद्ध रोग्याशी कसे बोलावे, त्याच्या बोलण्यातून काय ऐकावे आणि त्याच्या बुद्धीची परीक्षा कोणत्या शब्दांत घ्यावी, हे प्रश्न वैद्यकाइतकेच भाषाविज्ञानाचेही आहेत. त्यांची उत्तरे चुकली तर त्याची किंमत अंथरुणावर पडलेल्या माणसाला मोजावी लागते.

प्रारंभी संज्ञांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वृद्धांच्या वैद्यकाला इंग्रजीत 'जेरियाट्रिक्स' म्हणतात. हा शब्द इग्नाझ नॅशर या न्यूयॉर्कमधील वैद्याने १९०९ मध्ये, बालवैद्यकाच्या 'पीडियाट्रिक्स' या नावाच्या धर्तीवर बनविला. त्याचे पूर्वपद ग्रीक 'गेरोन', म्हणजे म्हातारा, आणि उत्तरपद वैद्यवाचक होय. 'गेरोन' व संस्कृत 'जरत्' ही एकाच मूळ धातूची अपत्ये आहेत. म्हणजे आपल्या 'जरा', 'जरठ', 'जर्जर' या शब्दांचे ते नातलग ठरते. वाग्भटाने आयुर्वेदाची जी आठ अंगे सांगितली त्यांत 'बाल' व 'जरा' ही दोन्ही आहेत. बालपण व म्हातारपण यांना वैद्यकात शेजारी बसविण्याची कल्पना तेव्हा फार जुनी आहे. परंतु या शेजाराचा एक दुष्परिणामही आहे. वृद्धाला बालकाप्रमाणे वागविण्याची प्रवृत्ती त्यातूनच बळावते, आणि तीच पुढील विवेचनाचा मध्यबिंदू आहे.

'नर्स प्रॅक्टिशनर' याला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'परिचारिका' हा शब्द नित्य स्त्रीलिंगी आहे, आणि तो उच्चारताच वैद्याच्या आज्ञेने काम करणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत असलेली व्यक्ती स्त्री वा पुरुष असू शकते व ती स्वतः निर्णय घेते. म्हणून या लेखात मूळ संज्ञाच वापरली आहे.

२. व्यवसायाचा उगम

१९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचर्येच्या प्राध्यापिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो बालकांच्या आरोग्यासाठी होता. ग्रामीण भागात व गरीब वस्त्यांत वैद्य पुरेसे नव्हते आणि सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्या अनुभवी परिचारिका तेथे आधीपासूनच होत्या. त्यांना अधिक शिकवून अधिक अधिकार द्यावेत, अशी त्यामागील विचारसरणी होती. त्याच वर्षीच्या ३० जुलै रोजी 'मेडिकेअर' योजनेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या औषधोपचाराचा भार मोठ्या प्रमाणावर संघराज्याने उचलला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. पण एकीने नवा उपचारक दिला व दुसरीने उपचाराची मागणी वाढविली. त्यामुळे कालांतराने त्यांची गाठ पडणे अटळ होते.

कायद्याने या नव्या व्यवसायाला हळूहळू वाट करून दिली. परिचारिकेने रोगनिदान व उपचार करण्यास १९७१ मध्ये आयडाहो राज्याने प्रथम मान्यता दिली. १९९७ च्या एका संघीय कायद्यान्वये, नर्स प्रॅक्टिशनर कोठेही काम करीत असली तरी तिला मेडिकेअरकडून परस्पर मोबदला मिळू लागला; मात्र त्याच कामासाठी वैद्याला मिळणाऱ्या रकमेच्या पंचाऐंशी टक्के एवढाच. आज निम्म्याहून अधिक राज्यांत तिला वैद्याच्या देखरेखीवाचून काम करण्याची मुभा आहे. उरलेल्या राज्यांत वैद्याशी लेखी करार करणे वा त्याच्या देखरेखीखाली राहणे आवश्यक ठरते. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

वृद्धांच्या शुश्रूषेला स्वतंत्र विद्येचे स्थान मिळण्यासही वेळ लागला. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जोरी वॉरेन यांनी १९३५ पासून, 'कायमचे अंथरुणाला खिळलेले' म्हणून सोडून दिलेल्या वृद्धांची एकेक करून तपासणी केली, आणि त्यांतील कित्येकांना पुन्हा चालते करता येते असे दाखविले. वृद्धत्व हा रोग नव्हे आणि रोगाला वृद्धत्व समजून सोडून देणे हा उपचार नव्हे, हे तत्त्व या कार्यातून रुजले. १९६९ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोवैद्याने वयावरून होणाऱ्या भेदभावासाठी 'एजिझम' हा शब्द घडविला, आणि या तत्त्वाच्या विरुद्ध बाजूला असलेल्या वृत्तीला नाव मिळाले.

३. शिक्षणक्रमाची रचना

या व्यवसायात शिरण्याचा क्रम साधारणपणे असा आहे. प्रथम परिचर्येची चार वर्षांची पदवी आणि राष्ट्रीय परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना; त्यानंतर बहुधा काही वर्षे रुग्णालयात प्रत्यक्ष काम; आणि मग दोन ते तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी किंवा त्याहून दीर्घ अशी व्यावसायिक डॉक्टरेट. २०१५ पर्यंत ही डॉक्टरेटच प्रवेशाची पायरी व्हावी, असा ठराव अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघाने २००४ मध्ये केला होता. पण तो सार्वत्रिक झाला नाही, व पदव्युत्तर पदवीचा मार्ग आजही खुला आहे.

२००८ मध्ये परवाना देणाऱ्या, प्रमाणपत्र देणाऱ्या व शिक्षणसंस्थांना मान्यता देणाऱ्या मंडळांनी मिळून एक समान आराखडा स्वीकारला. त्याने उच्चशिक्षित परिचारिकांच्या चार भूमिका व रुग्णसमाजाचे सहा विभाग ठरविले. तोपर्यंत 'प्रौढ' व 'वृद्ध' हे दोन निराळे अभ्यासक्रम होते. ते या आराखड्याने एकत्र केले. वृद्धशाखेकडे विद्यार्थी कमी येत, आणि प्रौढांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाकडे वृद्ध रोगी तर येणारच. तेव्हा वृद्धोपचाराचे ज्ञान सर्वांनाच द्यावे, हा त्यामागील हिशेब होता. या एकत्रित विभागाच्या पुन्हा दोन वाटा आहेत: एक प्राथमिक उपचारांची व दुसरी तीव्र आजारांची. अमेरिकेत आज चार लाखांहून अधिक परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनर आहेत. त्यांतील बहुसंख्य 'कुटुंब' या विभागात शिकलेल्या असून प्रौढ–वृद्ध विभागाची संख्या त्या मानाने बरीच लहान आहे.

अभ्यासक्रमाचा पाया तीन विषयांचा असतो: विकृतिशास्त्र, औषधशास्त्र व शारीरिक तपासणी. विद्यार्थिनी आपसांत यांना 'तीन पी' म्हणतात. त्यावर वृद्धोपचाराचे विशेष विषय येतात. याखेरीज अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली रोग्यांच्या प्रत्यक्ष उपचारात काही तास घालवावे लागतात. हे किमान प्रमाण पूर्वी ५०० तासांचे होते. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी ते ७५० तास केले. शेवटी प्रमाणपत्राची परीक्षा असते, आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

४. वृद्ध रोग्याची तपासणी

बाह्यरचनेपेक्षा या शिक्षणाचा अंतर्भाग अधिक विचारार्ह आहे. वृद्धाचे शरीर रोगाची वर्दी नेहमीच्या खुणांनी देईलच असे नाही, हा विद्यार्थ्याने शिकावयाचा पहिला धडा. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. फुप्फुसाचा दाह तापावाचून असू शकतो. पुष्कळदा घरच्या माणसांनी सांगितलेली एखादी साधी गोष्ट, जसे 'दोन दिवसांपासून जेवण तुटलंय', 'काल पडल्या' किंवा 'आज जरा गप्पगप्पच आहेत', हेच एकमेव लक्षण असते. बर्नार्ड आयझॅक्स या ब्रिटिश वैद्याने वार्धक्यातील चार मोठ्या आपत्तींना 'महाकाय' असे नाव दिले: हालचाल थांबणे, तोल जाणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे व बुद्धी मंदावणे. यांपैकी प्रत्येकीच्या मुळाशी अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतील कित्येक दूर करण्याजोगी असतात.

म्हणून विद्यार्थ्याला रोगाबरोबर रोग्याचे दैनंदिन जीवन मोजण्यास शिकवितात. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा क्रिया निवडल्या: स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी त्यांना टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, औषधे घेणे, पैशांचा व्यवहार अशा आठ क्रियांची जोड दिली. औषधांच्या बाबतीत १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी तिची वेळोवेळी सुधारणा करीत असते. २०२३ मध्येही एक सुधारित यादी निघाली. साध्या सर्दीवरच्या किंवा झोपेच्या कित्येक जुन्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाचे भान हरपते, हे या यादीमुळे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. २०१७ पासून प्रसृत झालेल्या एका योजनेने हा सारा व्याप चार सूत्रांत बांधला आहे: रोग्याला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते, औषधे, मन आणि हालचाल. यांतील पहिले सूत्र प्रश्न विचारल्यावाचून व उत्तर ऐकल्यावाचून पुरे होत नाही. येथूनच भाषेचा प्रांत सुरू होतो.

'डिलिरियम' या अवस्थेचे उदाहरण घेऊ. मूत्रमार्गाचा दाह, शस्त्रक्रिया, नवे औषध अशा कारणाने वृद्धाचे चित्त काही तासांत किंवा दिवसांत एकाएकी भ्रमिष्ट होते. हा तातडीने उपचार करण्याचा प्रसंग असतो. १९९० मध्ये शेरॉन इनूय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या ओळखीसाठी एक पद्धती प्रसिद्ध केली. अवस्था एकाएकी उद्भवलेली व कमीजास्त होणारी असावी आणि अवधान टिकत नसावे, ही दोन लक्षणे तीत अनिवार्य आहेत. त्यांना विस्कळित विचार किंवा जागृतीच्या पातळीतील बदल यांपैकी एकाची जोड हवी. यांतील विस्कळित विचार बोलण्यातूनच प्रकट होतो, आणि अवधानाची परीक्षाही बहुतेक वेळा बोलण्यातूनच घेतात.

आता मराठीकडे पाहावे. या अवस्थेला आपल्या बोलीत 'वात होणे', 'वातात बडबडणे', 'बरळणे' असे शब्द आहेत. ते सर्व या रोगाच्या गलबल्या प्रकाराचे वाचक आहेत. परंतु वृद्धांत याचा निमूट प्रकारही पुष्कळ आढळतो: रोगी शांत पडून राहतो, विचारल्यास एखाद्या शब्दात उत्तर देतो आणि पुन्हा डोळे मिटतो. या प्रकाराला बोलीत नाव नाही. जे नाव आहे ते 'वय झालं' हे. आणि त्याला दुजोरा द्यायला 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच असते. ज्या अवस्थेला भाषेत स्वतंत्र शब्द नाही ती लोकांना दिसतच नाही, असे सरसकट विधान करणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण शेजारी बसलेला मुलगा डॉक्टरांना काय सांगेल व काय सांगण्याजोगे नाही असे समजेल, हे त्याच्या हाताशी असलेल्या शब्दांवर पुष्कळ अंशी अवलंबून असते. निमूट प्रकार उशिरा ओळखला जातो आणि त्याचे परिणाम बरेचदा गंभीर होतात. 'आई कालपर्यंत कशा होत्या? आज त्यांत नेमका काय फरक वाटतो?' हा प्रश्न या विद्यार्थ्यांना म्हणूनच शिकविला जातो. तो वयाकडे बोट न दाखविता बदलाविषयी विचारतो.

५. वृद्धांशी बोलण्याची बालभाषा

१९६४ हे वर्ष बालभाषेच्या अभ्यासात संस्मरणीय आहे. त्या वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषेचा तौलनिक लेख लिहिला. त्या सहांत मराठी ही एक होती. त्याच वर्षी अशोक रा. केळकर यांचा मराठी बालभाषेवरील लेख 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोठी माणसे लहान मुलांशी जे बोलतात ते मुलांच्या बोबड्या बोलांचे केवळ अनुकरण नसून, त्या त्या समाजाने परंपरेने सांभाळलेली ती एक उपभाषा असते, हा या अभ्यासाचा गाभा. 'मंमं', 'गाई', 'भूर' हे शब्द मूल शोधून काढत नाही. ते आजी नातवाला देते.

ही उपभाषा आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही वापरली जाते, हे लिंडा कॅपोरेल यांनी १९८१ मध्ये दाखविले. त्यांनी एका वृद्धाश्रमातील सेवकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. रहिवाशांना उद्देशून केलेल्या बोलण्याचा सुमारे एक पंचमांश भाग बालभाषेच्या स्वरात होता. शब्द कळू नयेत अशा रीतीने ध्वनिफीत गाळून श्रोत्यांना ऐकविली असता, हे बोलणे मुलांशी चालले आहे की वृद्धांशी याचा भेद त्यांना करता आला नाही. विशेष म्हणजे, सेवकाचे त्या त्या रहिवाशाविषयीचे मत काय आहे, यावर हा स्वर अवलंबून नव्हता. म्हणजे तो गरजेप्रमाणे योजलेला नव्हता. वयाच्या कल्पनेला चिकटलेला होता. पुढे या बोलीला 'एल्डरस्पीक' असे नाव रूढ झाले. मराठीत तिला 'वृद्धलालन-भाषा' म्हणता येईल.

तिची लक्षणे अशी: स्वर उंच व चढउताराचा, गती मंद, वाक्ये तोकडी, 'हनी', 'स्वीटी' यांसारखी लाडकी संबोधने, 'तुम्ही'च्या जागी 'आपण', आणि उत्तर आधीच ठरवून टाकणारे प्रश्न. एलेन रायन, हॉवर्ड जाइल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये या व्यवहारातील दुष्टचक्र स्पष्ट केले. समोरचा वृद्ध दिसताच बोलणारा आपले बोलणे बदलतो; त्या बदललेल्या बोलण्यातून वृद्धाला आपण असमर्थ असल्याचा संदेश मिळतो; तो कमी बोलतो व परावलंबी होतो; आणि बोलणाऱ्याला आपला पूर्वग्रह खरा ठरल्यासारखा वाटतो.

यावर असा आक्षेप येईल की, ही बोली प्रेमाची आहे आणि तिच्यामुळे कमी ऐकू येणाऱ्याला मदतच होते. आक्षेपाच्या उत्तरार्धाची परीक्षा झालेली आहे. वार्धक्यातील बहिरेपणात उच्च कंपनांचे ध्वनी आधी हरपतात. स्वर ऐकू येतात. पण 'स', 'श' यांसारखी ऊष्म व्यंजने व 'च', 'छ' यांमधील घर्षण धूसर होते. म्हणून रोगी म्हणतो, 'बोलताय ते ऐकू येतं, पण कळत नाही.' अशा वेळी आवाजाची पट्टी चढविणे म्हणजे बोलणे त्याच्या दुर्बळ भागाकडे नेणे होय. सुझन केंपर व हार्डन यांच्या १९९९ मधील प्रयोगांत, वाक्यात वाक्य गुंतविण्याचे टाळले व सांगितलेली गोष्ट थोडी विस्ताराने पुन्हा मांडली तर वृद्धांना आकलनास साहाय्य होते असे दिसले. उंच स्वर, अतिमंद गती व तुटक वाक्ये यांचा मात्र उपयोग झाला नाही. वाक्याची लांबी व वाक्याची गुंतागुंत या भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्षात घ्यावे.

आक्षेपाच्या पूर्वार्धाचे, म्हणजे प्रेमाचे, उत्तर क्रिस्टीन विल्यम्स यांच्या संशोधनात मिळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या वीस रहिवाशांच्या दैनंदिन सेवेच्या चित्रफिती तपासल्या होत्या. अंघोळ, कपडे इत्यादी प्रसंगी रहिवाशाने हात झिडकारणे, ओरडणे, नकार देणे याची संभाव्यता साध्या बोलण्याच्या वेळी ०.२६, तर लालन-भाषेच्या वेळी ०.५५ होती. ज्याला तारीख सांगता येत नाही, मुलांची नावे आठवत नाहीत, त्यालाही आपल्याला लहान मूल समजले जात आहे हे कळते, असा याचा अर्थ लावणे वाजवी आहे. हा प्रतिकार 'रोगाचा भाग' समजून त्यावर मन शांत करणारी औषधे दिली जातात. त्या औषधांनी तोल जातो. आणि पडल्याने हाड मोडते. एका संबोधनापासून मोडक्या हाडापर्यंतची ही साखळी प्रत्येक वेळी पुरी होते असे नाही. पण तिची पहिली कडी भाषेची आहे आणि तीच तोडण्यास सर्वांत स्वस्त आहे. विल्यम्स यांनी सेवकांसाठी एकेक तासाचे तीन पाठ तयार केले. त्यांत स्वतःच्याच प्रकारच्या संभाषणाच्या चित्रफिती पाहून लालन-भाषेची लक्षणे ओळखावयाची असतात. या पाठांनंतर ती भाषा व तो प्रतिकार हे दोन्ही घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

६. मराठीतील 'आपण' आणि नातेवाचक संबोधने

इंग्रजीतील हे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. इंग्रजी परिचारिका 'आपली अंघोळ झाली का' अशा अर्थी 'वुई' वापरते तेव्हा तो सरळसरळ मध्यमपुरुषाच्या जागी आलेला प्रथमपुरुष असतो. मराठीत 'आम्ही' व 'आपण' असा भेद आहे. शिवाय 'आपण' हे आदरार्थी मध्यमपुरुषीही आहे. 'आपण बसावे' यात आदर आहे. 'चला, आपण बसू या' यात सहभाग आहे. आणि 'आता आपण गोळी घ्यायची हं' या वाक्यात व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ संभवतात, परंतु 'हं' हा निपात व स्वराची ठेवण यांमुळे ऐकणाऱ्याला तिसराच अर्थ, म्हणजे मुलाची समजूत घालण्याचा, जाणवतो. सर्वनाम तेच, वाक्यरचना तीच. भेद निपातात व सुरात आहे. याचा अर्थ असा की, मराठीत लालन-भाषेची व्याख्या करताना केवळ सर्वनामे मोजून भागणार नाही.

नातेवाचक संबोधनांचा प्रश्न याहून नाजूक आहे. अमेरिकेतील विद्यार्थ्याला सांगितले जाते की, रोग्याला आडनावाने संबोधावे व त्याला काय म्हटलेले आवडेल ते विचारावे. 'ग्रँडमा' म्हणू नये. मराठी रुग्णालयात 'आजी', 'मावशी', 'काका' ही संबोधने आदराची व जिव्हाळ्याची आहेत. 'अहो देशपांडेबाई' यापेक्षा 'आजी' म्हटल्याने अनेकींना बरे वाटते. मात्र 'आजी, तुम्ही गोळी घेतलीत का?' आणि 'आजी, गोळी घेतली नाही ना? असं करायचं नाही हं!' या दोन वाक्यांत संबोधन एकच असून नाते निराळे आहे. पहिल्यात बोलणारी नात आहे, दुसऱ्यात ती आई झाली आहे. शिवाय साठीच्या आतबाहेरच्या, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाईला 'आजी' म्हणणे तिला रुचेलच असे नाही. क्रियापदाचा आदरार्थी प्रत्यय टिकतो की गळतो, निपात कोणते येतात, निर्णय कोणाकडे राहतो, ही मराठीतील खरी गमके दिसतात. त्यांचा रुग्णालयांतील ध्वनिमुद्रणांच्या आधारे अभ्यास होणे अगत्याचे आहे.

७. चाचण्या, भाषांतर आणि दुभाषी

स्मृतिभ्रंशाच्या चाळणीसाठी १९७५ मध्ये फोलस्टीन दांपत्य व मॅक्यू यांनी तयार केलेली तीस गुणांची छोटी चाचणी जगभर वापरली गेली. तीत दिनांक व स्थळ सांगणे, शब्द लक्षात ठेवणे, वजाबाकी, वस्तूंची नावे, वाक्याचा पुनरुच्चार, वाचून कृती करणे व वाक्य लिहिणे असे भाग आहेत. यांतील कित्येक भाग स्मृतीइतकेच शाळेचेही मापन करतात हे उघड आहे. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील वल्लभगढ भागातील, बहुतांश निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी शब्दाला शब्द ठेवला नाही. वाचून डोळे मिटण्याच्या जागी परीक्षकाचे पाहून तसे करणे आले. वाक्य लिहिण्याच्या जागी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलणे आले. परीक्षिली जाणारी शक्ती कायम ठेवून प्रश्नाचे रूप बदलणे, हे अशा भाषांतराचे तत्त्व होय. वाक्याच्या पुनरुच्चाराच्या भागात तर मूळ इंग्रजी वाक्य अर्थहीन लहानसहान अव्ययांचे आहे. त्याची अडचण त्याच्या अर्थात नसून उच्चारात आहे. ती अडचण मराठीत उतरवावयाची तर भाषांतरकाराला ध्वनिविचार ठाऊक असला पाहिजे.

अमेरिकेत मुलांकडे राहावयास गेलेल्या मराठी आईवडिलांना हा प्रश्न रोजच्या व्यवहारात भेटतो. वैद्य इंग्रजीत विचारतो, मुलगा मराठीत सांगतो, आई उत्तर देते आणि मुलगा त्यातील निम्मे पोहोचवितो. 'कसंतरी होतंय' याचे इंग्रजी तो काय करील? 'चक्कर' म्हणजे भोवती गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी की नुसता तोल जाणे, हे विचारून घेतल्यावाचून त्याला कसे सांगता येईल? शिवाय आईला गंभीर रोगाचे नाव कळू नये म्हणून तो काही वाक्ये मुद्दाम गाळतो. विद्यार्थ्याला म्हणून शिकविले जाते की, प्रशिक्षित दुभाषी बोलवावा, बोलताना तोंड दुभाष्याकडे न ठेवता रोग्याकडे ठेवावे आणि सांगितलेली गोष्ट रोग्याकडून त्याच्याच शब्दांत परत ऐकावी. २०१० च्या आरोग्यकायद्याच्या कलम १५५७ खालील नियमांनी, तातडीचा प्रसंग वगळता, अल्पवयीन मुलांना दुभाषी करण्यास मनाई केली आहे.

८. समारोप

भारतातील परिस्थिती भिन्न आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते, आणि तेव्हापासून ते वाढतच आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ मध्ये सुरू झाला. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनरची संकल्पना प्रथम अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या रूपाने स्वीकारली. वृद्धशुश्रूषेसाठी एक वर्षाची पदविका आहे. अमेरिकेतील साचा येथे उचलून आणावा असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. तेथील अधिकार, विमा व परवाने यांची घडी त्या समाजाच्या इतिहासातून बसलेली आहे.

परंतु त्या शिक्षणक्रमातील एक भाग उसना आणता येत नाही आणि आणण्याची आवश्यकताही नाही. तो येथेच निर्माण करावा लागेल. मराठी वृद्धाशी आदराने व स्पष्टपणे कसे बोलावे, त्याच्या तक्रारीतील शब्दांचे अर्थ कोणते, निरक्षर मराठी स्त्रीच्या स्मृतीची परीक्षा कोणत्या प्रश्नांनी घ्यावी, या प्रश्नांची उत्तरे परिचर्या महाविद्यालये एकट्याने देऊ शकणार नाहीत. मराठी बालभाषेचे शास्त्रीय वर्णन १९६४ मध्येच झाले. वृद्धांशी होणाऱ्या मराठी संभाषणाचे तशा तोलाचे वर्णन होणे हे त्याच परंपरेचे पुढचे पाऊल ठरेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी, रुग्णालयाची व रोग्यांची रीतसर अनुमती घेऊन, एका वॉर्डातील एका आठवड्याच्या संभाषणापासून प्रारंभ करावा. सामग्री विपुल आहे, आणि तिच्या अभ्यासाचा उपयोग ज्यांना होईल ती माणसे प्रत्येकाच्या घरात आहेत.